आबांचा चौकोन

पुण्याहून आलेल्या त्या तरुण माणसानं पडद्यावरच्या एका पिवळ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं, "सर, इथे नेमकं काय होतं?"

प्रश्न साधा होता आणि माणूसही सज्जन होता. आल्या आल्या बूट बाहेर काढून ठेवले होते, चहाला नाही म्हणाला नव्हता. त्याची मोठी कंपनी आमची छोटी कंपनी विकत घेणार होती, गिऱ्हाइकांसकट आणि आमच्याकडे काम करणाऱ्या दोन मुलींसकट. घेण्याआधी माल तपासायला त्याला धाडलं होतं. सौदा झाला तर मुलींच्या नोकऱ्या राहणार होत्या, नाही झाला तर दिवाळीच्या आत कुलूप. हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि शेजारच्या खोलीत कीबोर्ड बडवायचं थांबवून कान लावून बसलेल्या त्या दोघींनाही ठाऊक होतं.

"इथे काम थोडा वेळ थांबतं," मी म्हणालो.

"ते दिसतंय सर. पण कुणाकडे थांबतं? माणूसच जोडलेला नाही. येतं, थांबतं, आपोआप पुढे जातं. म्हणजे इथे काहीच होत नाही."

"होतं की."

"काय होतं?"

आता मी काही अबोल माणूस नाही. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या किती ऑफिसांत मी उभ्या उभ्या तासतासभर बोलून लोकांना खुर्चीला खिळवून ठेवलंय. एका दूध केंद्रावर तर माझं ऐकता ऐकता दूध उतू गेलं होतं. पण त्या दिवशी मला एक वाक्य सुचलं नाही. त्याला जे सांगता आलं नाही ते आता सांगतो. आता मला वेळच वेळ आहे.

कंपनी आम्ही दोघांनी काढली. मी आणि माझा मित्र. जागा भिगवण रस्त्याला, ठिबकच्या पायपांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. उन्हाळ्यात खालच्या काळ्या पायपांचा वास वर यायचा आणि गिऱ्हाईक आलं की त्याला वाटायचं आम्हीही पायपाच विकतो. मित्र निरवांगीचा. पुण्यात चांगल्या नोकरीवर होता, ती सोडून परत आला. का आलास असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "तितं पाणी बाटलीतलं पित्यात." यापुढं स्पष्टीकरण नाही. तो बोलायचाच नाही. मी शाळेच्या गॅदरिंगला सावकार झालो होतो, फौजदार झालो होतो, नायिकेला गोवर आला तेव्हा नायिकाही झालो होतो, आणि ती सगळ्यांत चांगली वठली असं मास्तरांचं मत होतं. तेव्हा बोलायचं खातं माझ्याकडे आणि बाकी सगळं त्याच्याकडे, अशी वाटणी आपोआप झाली.

कार्डावर आम्ही 'बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट' असं छापून घेतलं होतं. ते वाचून एका गृहस्थांनी पोराला कर्ज मिळेल का असं विचारलं, तेव्हापासून मी ते शब्द उच्चारणं सोडलं. मी सांगायचो, की तुमच्याकडं एखादं काम निघालं की ते कुणापासून सुरू होतं, मग कुणाच्या टेबलावर जातं, कोण हो म्हणतं आणि कुठं अडून बसतं, हे आम्ही पडद्यावर दाखवतो. पडद्यावर चौकोन असायचे आणि त्यांना जोडणारे बाण. एक चौकोन म्हणजे एक माणूस आणि त्यानं करायची एक गोष्ट. त्यानं मोबाइलवर बटण दाबलं की चौकोन हिरवा व्हायचा आणि काम बाणावरून पुढच्या माणसाकडे जायचं. फार वेळ अडलं की चौकोन लाल.

हे सांगताना मी खुर्च्या मांडायचो आणि एकटाच सगळे चौकोन व्हायचो. स्टोअरकीपर होऊन चष्मा कपाळावर चढवून चष्मा शोधायचो. क्लार्क होऊन "साहेब जेवायला गेलेत" म्हणायचो. मग साहेब होऊन ढेकर द्यायचो. मित्र मागे लॅपटॉप घेऊन बसलेला असायचा आणि मी ज्या खुर्चीत बसेन तो चौकोन तो बरोबर त्या क्षणी हिरवा करायचा. आमचं गणित कधी चुकलं नाही. फक्त एकदा साहेबांचा चौकोन लालच राहिला. मी वळून पाहिलं तर गडी आवाज न करता हसत होता, खांदे हलत होते आणि बोटाला बटण सापडत नव्हतं. त्याला हसवणं ही माझी या धंद्यातली खरी कमाई, असं आज वाटतं.

पहिलं मोठं गिऱ्हाईक लासुर्ण्याजवळचं. भाजीपाला आणि फळं निर्यातीला पाठवणारं एकत्र कुटुंब. स्वतःचं पॅकहाऊस, म्हणजे माल निवडून, थंड करून, पेट्यांत भरायची मोठी शेड. ढोबळी मिरची, डाळिंब, पेरू. कारभार थोरल्या मुलाकडे होता. गाडी भरून तयार झाली की त्यानं हो म्हणायचं आणि गाडी सुटायची, एवढं सरळ काम. आम्ही चौकोन काढले, बाण जोडले, सगळ्यांच्या मोबाइलवर टाकून दिलं, पेढे खाऊन परत आलो.

आठवडाभरात थोरल्याचा फोन आला.

"मी आळशी हाय असं तुमचं मशीन म्हणतंय व्हय?"

"तसं कसं म्हणंल?"

"मग माझा चौकोन रोज लाल का? बाकी सगळी हिरवी आन् मी एकटा लाल. बायको बघती ना माझा मोबाइल."

मी फोनवर गोडगोड बोलून घेतलं. मित्र काही न बोलता मोटारसायकल काढून लासुर्ण्याला गेला. दिवसभर पेटी उलटी टाकून शेडच्या दाराशी बसला. परत आल्यावर हातपाय धुतले आणि म्हणाला, "एक चौकोन कमी पडलाय."

झालं होतं असं. थोरल्याच्या मोबाइलवर घंटी वाजायची, की गाडी तयार आहे, सोडायची का. थोरला मोबाइल खिशात घालायचा आणि शेडमधून बाहेर पडून फाटकाजवळच्या कडुलिंबाकडे चालू लागायचा. लिंबाखाली बाजेवर आबा पडलेले असायचे. आबा म्हणजे थोरल्याचे मोठे चुलते. संस्थेत, कंपनीत, कुठल्याही कागदावर त्यांना काही पद नव्हतं. थोरला बाजेच्या कडेला टेकायचा. गाभण म्हशीची चौकशी व्हायची, पाटाला पाणी कधी सुटणार ते व्हायचं, मग थोरला म्हणायचा, "आबा, मिरचीची गाडी भरलीय." आबा डोळे न उघडता म्हणायचे, "हं." थोरला उठून शेडमध्ये यायचा आणि बटण दाबायचा. तोवर त्याचा चौकोन लाल होऊन बसलेला.

"पण आबांना पद कुठाय?" मी म्हणालो. "चौकोनावर हुद्दा लिहावा लागतो."

"पद न्हाय. पण इचारत्यात ना."

"आणि न विचारताच कुणी बटण दाबलं तर?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी विषय बदलला.

नवा चौकोन काढला. हुद्द्याच्या जागी त्यानं 'आबा' एवढंच लिहिलं. आबा मोबाइलला हात लावणार नव्हते, तेव्हा थोरल्यानंच जाऊन यायचं आणि 'विचारलं' हे बटण दाबायचं. आबांना पडदा दाखवायला आम्ही लिंबाखाली गेलो. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"ह्यो मी व्हय?"

"तुमीच, आबा," मी म्हणालो.

"चौकोनात घातलंसा मला. वारं तरी येतंय का आत?"

मित्राचे खांदे हलू लागले.

थोरल्याचा चौकोन त्या दिवसापासून हिरवा झाला आणि आमची कंपनी चालू लागली. कारण बातमी पसरली. या दोघांच्या सॉफ्टवेअरात घरच्या म्हाताऱ्या माणसाची सोय आहे, अशी. कळसला दूध संकलनवाल्यांच्या घरी आक्का निघाल्या, मालकाच्या आई. फॅट मोजायचं मशीन बदलायचं तरी आधी आक्कांना सांगावं लागे. बारामतीच्या कडेला एक रोपवाटिका होती, तिथे मालकाचे सासरे निघाले, आणि ते सासरे आहेत हे मालकाला आमच्यासमोर कबूल करायचं नव्हतं म्हणून चौकोनावर 'सल्लागार' लिहावं लागलं. मी माझ्या प्रयोगात एक खुर्ची वाढवली. त्या खुर्चीत मी आडवा व्हायचो आणि डोळे मिटून "हं" म्हणायचो. सगळ्या प्रयोगात टाळी त्या एका अक्षराला पडायची.

पुढं आबा गेले. उन्हाळ्यात, त्याच बाजेवर, दुपारी. शेड बंद राहिली. सगळं उरकून काम पुन्हा सुरू झालं त्या सकाळी डाळिंबाची गाडी भरून तयार झाली आणि थोरल्याच्या मोबाइलवर घंटी वाजली. तो सवयीनं मोबाइल खिशात घालून लिंबापर्यंत गेला. बाज उभी करून झाडाला टेकवून ठेवलेली होती. तो तिथंच उभा राहिला, मग परत आला, आणि 'विचारलं' हे बटण काही त्याला दाबता येईना. विचारलं नव्हतं, तर दाबणार कसं. गाडी फाटकात, ड्रायव्हर हॉर्न देतोय.

फोन मी उचलला. "काही काळजी करू नका," मी म्हणालो. "चौकोन काढून टाकायचा. हे बघा, हितनंच, एका मिनिटात."

पलीकडे हॉर्न वाजत राहिला. मग थोरला म्हणाला, "एका मिनटात?"

मित्रानं माझ्या हातातून फोन घेतला. "आजच्यापुरती गाडी माझ्या बोलण्यावर सोडा, भाऊ," म्हणाला, आणि मोटारसायकलची किल्ली घेऊन निघाला.

तिथं त्यानं काय केलं, ते मला नंतर थोरल्याकडून कळलं. तो शेडपासून लिंबापर्यंत चालत गेला. बाज आडवी केली, तिच्या कडेला टेकला, थोडा बसला, उठला, चालत परत आला. मग लॅपटॉप उघडून त्यानं आबांच्या चौकोनातून बटण काढून टाकलं आणि चौकोन तसाच ठेवला. काम तिथं आलं की चौकोन ते धरून ठेवायचा. लिंबापर्यंत जाऊन, टेकून, परत यायला जितका वेळ लागतो तितकाच. मग आपोआप सोडून द्यायचा. एवढा वेळ तो चौकोन पिवळा दिसायचा. पिवळाच का, म्हणून मी खोदून खोदून विचारलं. मला त्यात काहीतरी सापडायला हवं होतं, प्रयोगात घालण्यासारखं. तो म्हणाला, "बाकीचे रंग वापरून झाले हुते."

लासुर्ण्याच्या शेडमध्ये त्या पिवळ्या वेळात माणसं पाणी प्यायची, कुणी ताडपत्रीची दोरी पुन्हा ओढून बघायचं, ड्रायव्हर तंबाखू मळायचा. हॉर्न कुणी द्यायचं नाही. आक्का गेल्या तेव्हा कळसच्या मालकानं स्वतःहून फोन केला. "आमच्याकडं बी लासुर्ण्यासारखं करा," एवढंच म्हणाला. 'सल्लागार' गेले तेव्हा रोपवाटिकेच्या मालकानं हळू आवाजात सांगितलं, की हुद्दा आता बदलून 'मामा' करा. दरवेळी मित्र जायचा, बसायचा, वेळ बघून यायचा. घरच्यांनी म्हटल्याशिवाय कुणाचा चौकोन काढायचा नाही, असा आमचा नियमच होऊन गेला. कुठे लिहून ठेवलेला नव्हता.

आम्ही स्वतःही आमच्याच सॉफ्टवेअरवर चालायचो, दुसरं शोभलं नसतं. गिऱ्हाइकाकडे काहीही जायचं असो, नवा बदल, दुरुस्ती, मी दिलेलं एखादं वचन, ते आधी मित्राच्या चौकोनातून जायचं. त्याचं बटण होतं 'पाहिलं'. मी बाहेर उत्साहाच्या भरात काय काय कबूल करून यायचो. एकदा एका साखर कारखान्यात सांगून आलो होतो, की तोडणीची टोळी कुठे पोहोचली हे सायबांना झोपेतही कळेल. ते काम मित्राच्या चौकोनात गेलं. तो ते वाचायचा, खिडकीशी जायचा, चहा मागवायचा, चहा घेऊन खिडकीशी उभा राहायचा. मग वळून एकच प्रश्न, "हे आपल्याला जमतं का?" बऱ्याचदा जमत नसे. जमत असेल तेव्हा तो काही न विचारता 'पाहिलं' दाबायचा.

मग त्याला कावीळ झाली असं वाटलं, आणि ती नुसती कावीळ नव्हती. बारामतीच्या दवाखान्यातून पुण्याला नेलं. खाटेवरून तो मोबाइलवर 'पाहिलं' दाबत राहिला. मी म्हणायचो, अरे राहू दे, तर म्हणायचा, "पडून काय करू मग." त्याच्यापुढे मी साहेब झालो, स्टोअरकीपर झालो, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचे नातेवाईकसुद्धा हसायला लागले. आबांच्या खुर्चीवर आलो तेव्हा तो म्हणाला, "ते नको आज." त्याच्या चौकोनात शेवटी आलेलं काम कळसचं होतं, दूध केंद्राच्या पावतीवरची अक्षरं जरा मोठी करण्याचं. ते तिथंच राहिलं. आधी हिरवं झालं नाही, मग लाल झालं, आणि आम्ही तिघं ऑफिसात ते लाल बघत बसायचो. एका सकाळी फोन आला, तो निरवांगीच्या घरून होता.

आमच्याकडे ज्या दोन मुली होत्या, त्यांतली मोठी गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची आणि धाकटी प्रोग्राम लिहायची. मित्रानंच तिला शिकवलेलं. काम पुन्हा सुरू केलं त्या दिवशी मी पडद्याकडे पाहिलं तर त्याचा चौकोन पिवळा झालेला. मी धाकटीकडे पाहिलं. ती खाली मान घालून म्हणाली, "सर, मी कुणाला विचारलं नाही."

"किती वेळ ठेवलास?"

"सर चहा घ्यायचे तेवढा. मग आपोआप 'पाहिलं' येतं."

कळसच्या पावतीवरची अक्षरं त्या दुपारी मोठी झाली.

यानंतर कंपनी चालली, पण कशी, ते सांगायला मला आवडत नाही. बोलणारा उरला होता. मी खुर्च्या मांडायचो, पण मागे धाकटी लॅपटॉप घेऊन बसलेली असायची आणि बिचारी प्रयोग पाहण्यात चौकोन हिरवा करायचं विसरायची. लोक हसायचे आणि म्हणायचे, "बघू, कळवतो." मोठ्या कंपन्यांची ॲपं फुकट मिळू लागली होती. वचनं मी अजूनही देत होतो, पण ती चहाएवढा वेळ थांबून आपोआप सुटायची, आणि मला मागे वळून कुणी विचारत नव्हतं. म्हणून पुण्याहून विचारणा आली तेव्हा मला खरं तर हायसं वाटलं. आणि मग तो सज्जन तरुण आला, त्यानं आमच्याच कंपनीच्या नकाशातल्या मित्राच्या चौकोनावर बोट ठेवलं, आणि विचारलं की इथे काय होतं.

"असे आणखी आहेत सर," तो म्हणाला. "लासुर्णे, कळस, ती नर्सरी. आमच्या सिस्टिममध्ये माणसाशिवाय पायरी ठेवता येत नाही. हे काढावे लागतील. बाकी माल उत्तम आहे, खरंच."

"काढतो," मी म्हणालो. "पण मला विचारून यावं लागंल."

"कुणाला?"

"घरच्यांना."

त्यानं घड्याळाकडे पाहिलं नाही, हे त्याचं चांगलंपण. आठवड्यानंतर येतो म्हणाला.

कळसला आक्कांच्या सुनेनं धारा काढता काढता ऐकून घेतलं. "आता आमी कुठं थांबतो त्यासाठी, भावजी. काढा." रोपवाटिकेच्या मालकानं फोनवरच हो म्हटलं आणि घाईनं फोन ठेवला. मग लासुर्णे.

लिंब तसाच होता, बाजही. बाजेवर थोरला पडलेला होता. केस पांढरे झाले होते, गुडघ्याला पट्टा. मला पाहून उठून बसला आणि सरकून जागा दिली. मी बाजेच्या कडेला टेकलो. म्हशींचं झालं, पाटाच्या पाण्याचं झालं. मग मी सांगितलं.

"काढा की," तो म्हणाला. "पुतण्या बघतो आता समदं. पुण्यात असतो. तितनं मोबाइलवर गाडी सोडतो."

शेडकडून गाडीचा आवाज आला. फाटकातून गाडी निघून गेली. थोरल्यानं मान वळवून तिच्या मागच्या ताडपत्रीकडे पाहिलं.

"काय भरलं हुतं?" मी विचारलं.

"काय की. पेरू असंल." मग म्हणाला, "आबांचा चौकोन हुता. मला वाटायचं, आपला बी निघंल एखादा. न्हाय निघाला."

यावर बोलणं माझं काम होतं. मी त्याचा हात हातात घेतला आणि नुसता बसून राहिलो. मग उठलो.

शेवटी निरवांगी. मित्राचे वडील, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणायचो, ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मित्राची बायको, म्हणजे वहिनी, उंबऱ्याशी सुपात दाणे निवडत होत्या. मुलगी शाळेत गेलेली. तात्यांना कॉम्प्युटरचं काही सांगायचं म्हणजे मला खुर्च्या लागल्या असत्या, त्या नव्हत्या. मग मी शेंगांची टरफलं घेतली आणि ओट्यावर ओळीनं मांडली. हे टरफल म्हणजे मी, ही मोठी मुलगी, ही धाकटी, आणि हे मधलं म्हणजे तो. काम इथून येतं, त्याच्याकडे जातं, तिथं थोडा वेळ थांबतं, मग पुढं. आणि हे मधलं टरफल आता उचलावं लागणार.

तात्यांनी मधलं टरफल बोटानं सरळ केलं. "त्याचं नाव काढायचं व्हय?"

"नाव न्हाय, तात्या. जागा."

"मला काय इचारतोस बाळा. तिला इचार."

वहिनींनी सूप खाली ठेवलं होतं. "किती वेळ थांबतं म्हणालात?"

"चहा घ्यायला लागायचा त्याला, तेवढा. धाकटीनं ठेवलाय."

"तिनं ऑफिसातला बघितला आसंल." त्या थोडं हसल्या. "ह्यांना गरम चालत न्हवता. पार गार करून प्यायचे. सासूबाई म्हणायच्या, ह्याला चहा न्हाय, काढा लागतो. तिनं वेळ कमी ठेवलाय."

तात्या म्हणाले, "कमीच हाय."

वहिनींनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि दाण्यांतला खडा काढून बाजूला टाकला. "काढा भावजी. पोरींच्या नोकऱ्या हायेत." मी निघालो तेव्हा तात्यांनी शेंगा पिशवीत बांधून दिल्या. ओट्यावरची टरफलं त्यांनी झाडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात मी दोघींना निरवांगीचं सगळं सांगितलं आणि धाकटीला म्हटलं, आबांचा, आक्कांचा, मामांचा चौकोन काढ. तिनं बदल तयार केला आणि एकेक पुढं सोडला. तेही मित्राच्या चौकोनात जाऊन पिवळे होऊन थांबले आणि एकेक करून सुटले. मग मी म्हटलं, "आता सरांचा."

तिनं बटण दाबलं. आमच्या कंपनीतला प्रत्येक बदल त्याच्या चौकोनातून जायचा. तेव्हा त्याचा चौकोन काढण्याचा हा बदलही सरळ त्याच्याकडेच गेला आणि पिवळा होऊन थांबला. हे असं होणार हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं. ती माझ्याकडे पाहू लागली.

"वेळ वाढवू का सर? वहिनी म्हणाल्या ना कमी आहे."

"वाढवलास तर तो बदलसुद्धा त्याच्याकडंच जाईल," मी म्हणालो. मोठीला हसू आलं आणि मग तिनं ओढणी तोंडाशी धरली.

मोठीनं चहा मागवला. आम्ही तिघं तो घेऊन खिडकीशी उभे राहिलो. खाली दुकानात पायपांची गाडी रिकामी होत होती, काळी वेटोळी एकेक करून खाली येत होती. मी वाट बघत होतो, की आता मागून आवाज येईल, हे आपल्याला जमतं का. मला त्याचं उत्तर ठाऊक होतं. जमत नाही, लेका.

टिंग असा आवाज झाला. धाकटी पडद्यापाशी गेली. "पाहिलं आलं, सर," ती म्हणाली. बाण माझ्या चौकोनातून निघून सरळ पुढच्याला जाऊन भिडला होता.

वहिनी म्हणाल्या ते खरं होतं. माझ्या हातातला कप अजून चटका देत होता.